सरांचे हात दिसले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. संगणकाच्या माथ्यावर चिमटा लावून बसवतात तसला, लिंबाएवढा. कारखान्यात माझी काच घासली गेली तेव्हा वाटलं होतं, आपण वाढदिवस टिपणार. नशिबात मात्र विद्यापीठ होतं.

पूल कसे उभे राहतात हे शिकवणाऱ्या सरांच्या घरी विद्यापीठाने मला पाठवलं आणि मी नकोशा पाहुण्यासारखा आलो. ऑनलाइन शिकवायला त्यांनी विभागप्रमुखांना साफ नकार दिला होता. "मुलांचे चेहरे दिसल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. भिंतीशी काय बोलू?" मी खोक्यातच पडून राहिलो.

मग त्यांच्या वर्गातली एक मुलगी जिन्यावरून पडली. पाठीला जबर मार, वर्षभर अंथरूण. तिचे वडील भेटायला आले आणि "ती शिक्षण सोडते म्हणते," एवढंच बोलले. त्याच संध्याकाळी सरांनी मला बाहेर काढलं.

पहिल्या तासाला फजिती झाली. सर फळ्याकडे तोंड करून तळमळून शिकवत होते आणि मला दिसत होती नुसती त्यांची पाठ. शेवटी त्यांच्या पत्नी संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, आवाज बंद आहे तुमचा. मघापासून नुसते हातवारे चाललेत." सर मटकन खाली बसले.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी मान टेबलाकडे वाकवली. काड्या आणि दोरा घेऊन वीतभर पूल बांधला आणि त्यावर बोट दाबलं. "बघ, ही काडी दबतेय. हा दोरा ताणला जातोय."

मुलीने पडदा आणखी जवळ ओढला. मग म्हणाली, "सर, वर्गात मी मागे बसायचे. तुमचे हात कधी दिसलेच नव्हते."

सरांनी चष्मा काढून पुसला.

विभागाची पुढची बैठक ऑनलाइन, माझ्यासमोरच झाली. ऑनलाइन कोण शिकवेल, असं प्रमुखांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पहिला हात वर गेला तो सरांचा. "मी शिकवीन. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी घरी या. मी कुठे कुठे आपटलो ते दाखवतो." आणि खरंच, एकेक प्राध्यापक येऊन माझ्यापुढे अडखळत बोलायला शिकले. मुलगी पदवीधर झाली. माझी छाती अजून फुगते.

आता नवा कॅमेरा आलाय, मी फळीवर धूळ खातोय. मित्रांनो, माझ्यासारख्यांना मऊ फडक्याने पुसत जा. आणि शिक्षकांनी नवी वाट धरली, तर पहिले काही दिवस त्यांना सांभाळून घ्या. मोठ्या माणसांना चुकायची फार लाज वाटते. ती लाज ओलांडणारा माणूस मी अगदी जवळून पाहिलाय.