तिच्या नावाचा नकार

लाँड्रीत घरची धाकटी सून आता स्टुलावर बसूनच इस्त्री करायची. आठ महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून तिची नडगी मोडली होती. ऑपरेशन झालं, सळई बसली, पण हाडातली फट काही भरेना. "डॉक्टर म्हणालेत, आपोआप भरेल. धीर धर," असं नवरा सांगायचा आणि ती धीर धरायची.

कुबडीचं रबर झिजलं म्हणून एका सकाळी ती एकटीच दवाखान्यात गेली. सिस्टर म्हणाली, "काय हो, तेव्हा एवढ्या का घाबरलात? तुमचंच रक्त घेणार होतो, परक्याचं नाही."

"कसलं रक्त?"

सिस्टरचा चेहरा उतरला. तिने तिला आत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कागदावर मोडलेलं हाड काढून दाखवलं. "तुमचं थोडं रक्त यंत्रात फिरवायचं. त्यातल्या प्लेटलेट, म्हणजे जखम भरायला मदत करणारे कण, वेगळ्या काढायच्या. तुमच्याच कमरेतून काढलेल्या हाडाच्या चुऱ्यात मिसळून ते फटीत भरायचं. हमखास गुण येईल असं नाही, पण आशा होती. चार महिन्यांपूर्वी तुम्ही नको म्हणालात."

"मी?"

फायलीत लिहिलं होतं, 'पेशंटची इच्छा नाही.' खाली नवऱ्याची सही. त्याखाली साक्षीदाराचं वाकडंतिकडं अक्षर. ते तिच्या आईचं होतं.

"चूक माझीही आहे," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला न विचारता मी हा कागद ठेवून घेतला."

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. तिने त्या कागदाचं विचारलं. "बाईचं रक्त उपसलं की कूस सुकते. अजून मूल व्हायचंय तुला," त्या मान वरही न करता म्हणाल्या. नवरा पुटपुटला, "आईला कोण समजावणार?"

तिने आईला फोन लावला.

"अगं, जावयांनी कागद पुढे केला. नाही म्हटलं असतं तर संसार मोडला असता तुझा."

"आणि मी पांगळी झाले असते तर?"

आई रडू लागली. एरवी धाकटीने समजूत घातली असती. आज तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात निघाली, तर नवरा दारात आडवा उभा राहिला. "मला न विचारता चाललीस?"

"तुम्ही मला विचारलं होतं?"

तो बाजूला झाला.

स्वतःच्या सहीने तिने ऑपरेशन करून घेतलं. सात महिन्यांनी हाड भरलं, पाय मात्र जरासा आखूडच राहिला. आईशी ती बोलू लागली, पण मनातलं सांगेनाशी झाली.

वॉर्डातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर मनगट मोडलेली एक बाई आली. तिचा भाऊ सिस्टरला म्हणाला, "आणा तो कागद, मी करतो सही. तिला काय कळतंय!"

धाकटी टाक्यांची कळ सोसत उठून बसली.

"अहो दादा, ताई जाग्या आहेत. आधी त्यांना वाचून दाखवा."

तो घुश्शात वळला. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईने कागदासाठी चांगला हात केव्हाच पुढे केला होता.