सुभद्राबाईंच्या अंगठ्याचा रंग

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी नेलपॉलिशची एक जुनी बाटली आहे. जेमतेम करंगळीएवढी, आणि आता तर पार रिकामी. पण एके काळी माझ्या पोटात असा झगझगीत लाल रंग होता की बघणाऱ्याने बघतच राहावं!

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. रेल्वेने मी नागपूरला आले आणि १९७८ साली धरमपेठेत चारुशीलाताईंच्या नव्याकोऱ्या ब्युटी पार्लरमध्ये फळीवर जाऊन बसले. पार्लर म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. एक मोठा आरसा, एक फिरती खुर्ची आणि खिडकीत घरघरणारा कूलर. बायका यायच्या त्या केस कापायला. नखांसाठी क्वचितच कुणी यायचं, पण आलं की माझी काय ऐट सांगू! ताई आधी कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवत. मग नखं घासून गोल करत. आधी एक बिनरंगाचा थर, त्यावर दोनदा मी, आणि वरून पुन्हा चकचकीत थर. "पंधरा दिवस टवका उडणार नाही," असं त्या छातीठोकपणे सांगत आणि मी फळीवर फुगून बसे.

ज्येष्ठातल्या एका दुपारी दारात काटोलच्या सुभद्राबाई येऊन उभ्या राहिल्या. संत्र्याच्या बगीच्यात जन्म काढलेली बाई. त्यांच्या लेकीचं, पुष्पलताचं, लग्न अगदी तोंडावर आलं होतं. होणारी विहीण वच्छलाबाई धरमपेठेतलीच. साखरपुड्यात तिचे मऊ, गोरे हात पाहून सुभद्राबाईंनी आपले हात जे पदराखाली घेतले, ते शेवटपर्यंत बाहेर काढलेच नाहीत. ओटी भरायलासुद्धा जावेला पुढे केलं.

"विहीणभेटीत तरी मले हात लपवा लागू नये बाई," त्या खालमानेने म्हणाल्या. "लागते का रंग असल्या नखांले?"

"न लागायला काय झालं, मावशी? तुम्ही बसा तर खरं!"

आणि बसल्या की हो! त्या भेगाळलेल्या बोटांवरून माझा ब्रश फिरला तेव्हा मलाच आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुभद्राबाई तर श्वास रोखून बसल्या होत्या. दहाही नखं रंगली तेव्हा त्यांनी हात डोळ्यांसमोर धरले आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "अवं माय! हे माहेच हात का वं?"

माझ्या तळाशी थोडा रंग उरला होता. कुठे टवका उडालाच तर असू द्या, म्हणून ताईंनी मला त्यांच्याच पिशवीत टाकलं. धक्के खात, उड्या मारत मी एसटीने काटोलला गेले!

घात झाला तो दुसऱ्या दिवशी. पुष्पलताच्या हातांवर मेंदी होती. मेंदीचा रंग चढावा म्हणून तव्यावर लवंगा टाकून धुरावर हात धरतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. लेकीचे हात शेकून झाले. तवा गरमच होता. सुभद्राबाईंना वाटलं, हाही रंगच की, चढला तर अजून टिकेल! त्यांनी उजवा अंगठा धुरावर धरला. मी पिशवीतून ओरडून ओरडून थकले, पण बाटलीचं कोण ऐकतं? बघता बघता अंगठ्याच्या रंगाला बुडबुडे आले आणि तो पार सुरकुतला.

"काय करून राहिली वं आई!" पुष्पलता धावली.

"चुकली वं मी! आता जाऊ कशी विहिणीपुढं?" सुभद्राबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

पुष्पलताने मागचापुढचा विचार केला नाही. मेंदी अजून रंगायची होती, तरी तिने उजवा हात खसाखसा पुसला आणि खराब रंग हळूच खरवडून मला उघडलं. आईचा हात तिने मांडीवर घेतला. मनगटाशी एक जुना व्रण होता.

"हे कधी लागलं?"

"संत्र्याचा काटा. तू पाळण्यात होती तव्हा."

पुष्पलताने त्या व्रणावरून बोट फिरवलं आणि मग ब्रश उचलला. तिची नजर व्रणावरच होती, रंग नखाबाहेरही गेला. माझा शेवटचा थेंब त्या अंगठ्यावर संपला.

लग्नात विहीणभेटीची वेळ आली. रिकामी झालेली मीही सुभद्राबाईंच्या पिशवीतून मांडवात आले होते. माझा जीव नुसता टांगणीला! सुभद्राबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. वच्छलाबाईंनी ते लगेच धरले.

"अगंबाई, किती सुरेख नखं! हा अंगठा मात्र कुणी रंगवला हो?"

"थो माह्या पोरीनं रंगवला," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि अंगठा त्यांनी आणखी वर धरला. हुर्रे! त्या दिवशी माझ्याएवढं खूश मांडवात कुणी नव्हतं.

पुढे भांडी, चूल, बगीचा, सगळं पुन्हा सुरू झालं. नऊ नखांचा रंग कामात झिजून गेला. पुढच्याच महिन्यात, आषाढातल्या आखाडीच्या सणाला पुष्पलता माहेरी आली, तर आईच्या अंगठ्यावर अजून लाल ठिपका होता.

"काढला काहून नाही?"

"तू लावला ना. जपून जपून कामं केली," सुभद्राबाई म्हणाल्या. पुष्पलताने तो अंगठा मुठीत गच्च धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

मित्रांनो, आईचे हात रोज दिसतात, म्हणूनच पाहायचे राहून जातात. एकदा ते मांडीवर घेऊन बसा आणि लावा थोडा रंग. नखाबाहेर गेला तरी चालेल. पण उशीर करू नका हं, आमचा रंग बाटलीत फार काळ ओला राहत नाही.