गौतम-नरहरी लेथ

गौतमने हातोडा उचलला तेव्हा नरहरीला वाटलं, हा नुसती भीती दाखवतोय. पुढच्या क्षणी हातोडा टेबलावरच्या त्याच्या उजव्या पंजावर बसला. हाडं मोडल्याचा आवाज झाला. नरहरी कोसळला, तरी गौतम त्याच्या तोंडावर लाथा घालतच राहिला. शेवटी भैय्यालाल या कामगाराने त्याला मागून कवेत धरून ओढलं.

भांडणाचं कारण शेडच्या कोपऱ्यात राख होऊन पडलं होतं. रायपूर राजधानी नव्हतं, तेव्हा बूढापारा वस्तीतल्या एका पडवीत या दोघांनी भागीदारीत लेथ मशिनी बनवायला सुरुवात केली. गौतमने सागवानाचा साचा घडवायचा, त्यावरून लेथचा लोखंडी पाया, म्हणजे बेड, ओतून आणायचा आणि नरहरीने तो हाताने खरवडून सपाट करायचा. एकट्याच्याने लेथ होणं शक्यच नव्हतं. मग वेगळं राज्य झालं, धंदा उरला औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये आला, चहूकडे रोलिंग मिल उभ्या राहिल्या. नरहरीने धोशा लावला, लेथ पुरे, आता मिलची दुरुस्ती करू. गौतमने ठणकावलं, तू कर दुरुस्ती, मी साचा घेऊन वेगळा होतो.

दसऱ्याला गौतम दरवर्षीसारखा नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. नरहरीने दरवर्षीसारखी मशिनींची पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या आणि सगळे गेल्यावर कुऱ्हाड घेऊन साचा फोडला, वर जाळला. इतका नीच तो आयुष्यात कधी वागला नव्हता. दुसऱ्या दिवशी गौतम स्टेशनवरून थेट शेडवर आला.

समता कॉलनीतल्या दवाखान्यात पोलीस आला. नरहरीने सांगितलं, लेथचा बेड उतरवताना हात दबला, तोंडही आपटलं. पोलिसाने पुन्हा विचारलं. तो तेच सांगत राहिला.

बाहेर डॉक्टरांनी गौतमला बाजूला घेऊन सांगितलं की ही बोटं आता कधी वळणार नाहीत. तो आत गेला.

"माह्यं नाव काहून नाही सांगतलं?"

"तू आत गेला असता तं साचा कोन केला असता?" नरहरीला सुजलेल्या ओठांनी बोलवत नव्हतं. "चुकलंच माह्यं. पिलास्टर निघालं का करू एक लेथ."

गौतमला स्वतःची किळस आली. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"हव," तो म्हणाला. "सागवान पाहून ठेवतो."

आणि त्या हाताकडे न पाहता तो नरहरीची उशी सारखी करू लागला.