बाबांचं तिकीट आणि माझी घंटा

मी एक जुना किचन टायमर आहे. पांढरा, वाटोळा, मुठीत मावेल एवढा. माझी चकती साठच्या आकड्यापर्यंत फिरवली की मी टिकटिक करत उलटा चालू लागतो आणि शून्यावर आलो की घंटा वाजवतो. मित्रांनो, यापलीकडे मला काही येत नाही. पण जे येतं ते मी चोख करतो. आयुष्यात एका मिनिटाचाही उशीर केला नाही, याचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला ते सांगतो.

माझी पहिली मालकीण अ‍ॅरिझोनातली एक म्हातारी होती. तिच्या बिस्किटांवर मी बारा वर्षं पहारा केला. एकही करपू दिलं नाही. पुढे ती मुलाकडे राहायला गेली आणि तिचं सामान घरासमोर विकायला मांडलं गेलं. २००४ साली तिथून कादंबरीने मला पंचवीस सेंटला उचललं. माझी किंमत ऐकून मला जरा लागलंच. त्यात तिचा नवरा परीक्षित हसला.

"अगं, आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजतात. ह्याचा काय यूज?"

"स्वयंपाकाला नाही, माझ्या खेळाला," ती म्हणाली.

परीक्षित चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. कादंबरी नागपूरची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. पण ती नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे तिला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. तिचे वडील त्र्यंबकराव नागपूरला एकटेच राहत. लेकीचं घर एकदा बघावं असं त्यांना फार वाटे. परीक्षित तिकीट काढायला कधीचा तयार होता. पण बाबा जुन्या वळणाचे.

"जावयाच्या पैशानं प्रवास आमच्यात चालत नाही. तुझ्या कमाईचं तिकीट असेल तर उद्या येतो," ते फोनवर म्हणत.

आता जिला कमवायलाच बंदी, तिने तिकीट काढायचं कसं? कादंबरीने वाट शोधली ती ऑनलाइन पोकरची. पत्ते तिला बाबांनीच शिकवले होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिला रांगोळीचं पन्नास डॉलरचं बक्षीस मिळालं होतं, तेवढंच भांडवल. पाच-दहा सेंटच्या टेबलांवर बसायचं, एका टेबलावर जवळच्या पैशांचा विसावा हिस्साच लावायचा, आणि हळूहळू तिकिटाएवढे जमवायचे, असा तिचा बेत होता. बाबांनी त्यात एक अट घातली.

"घड्याळ लाव. तास झाला की पानं खाली. जिंकत असलीस तरी आणि हरत असलीस तरी."

ते घड्याळ म्हणजे मी. सकाळी आठला परीक्षित ऑफिसला गेला की ती मला साठवर फिरवून कॉम्प्युटरशेजारी ठेवायची. तास झाला की मी वाजायचो आणि ती तत्क्षणी उठायची. मग नागपूरला फोन, स्पीकरवर. तिकडे बाबांचं रात्रीचं जेवण आटोपलेलं असे.

"आज किती?"

"तीन डॉलर वर, बाबा."

"आणि घंटेला उठलीस ना?"

"उठले."

"मग तीन खरे."

दोन वर्षं असं चाललं. कधी चार डॉलर वर, कधी सहा खाली. एकदा लागोपाठ महिनाभर हरली, तेव्हा मला पुसता पुसता रडली, पण दुसऱ्या दिवशी आठला मला पुन्हा साठवर फिरवलं. मित्रांनो, त्या घरात माझा मान मोठा होता. परीक्षितसुद्धा मला 'साहेब' म्हणू लागला. २००६ च्या सप्टेंबरात पन्नासाचे अकराशे ऐंशी झाले. तिकीट साडेतेराशेचं. बाबांनी मुंबईला जाऊन व्हिसा आणला, नवी बॅग घेतली आणि सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की लेक स्वतःच्या पैशाने अमेरिकेला बोलावतेय.

आणि ऑक्टोबरात ऑनलाइन जुगाराविरुद्ध कायदा आला. तिच्या साइटने कळवलं की शुक्रवारपासून अमेरिकेतल्या लोकांना खेळता येणार नाही, आपापले पैसे काढून घ्या.

"एकशे सत्तरच कमी आहेत ना? मी घालतो," परीक्षित म्हणाला.

"मग ते माझं तिकीट कसं होईल?"

बापाचा हट्ट लेकीत पुरेपूर उतरला होता. गुरुवारी सकाळी तिने मला लावलं आणि जन्मात कधी बसली नव्हती अशा मोठ्या टेबलावर बसली. तासाने मी वाजलो. ती चाळीस डॉलर खाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा साठवर फिरवलं. मला धक्काच बसला. पण फिरवलं की चालायचं, एवढंच मला ठाऊक. मी चाललो. दुसऱ्यांदा वाजलो, तिने तिसऱ्यांदा फिरवलं. त्या तासात तिला दोन राजे आले आणि तिने होतं नव्हतं ते सगळं पुढे सारलं. शेवटच्या पानाला समोरच्याला एक्का लागला आणि सगळे पैसे गेले.

मी वाजलो तेव्हा टेबलावर कुणीच नव्हतं. ती बाथरूममध्ये दार लावून बसली होती. किती वेळ रडत होती, ते मी मोजू शकलो नाही, कारण मला कुणी लावलं नव्हतं.

संध्याकाळी परीक्षित तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "बाबांनी बॅग भरलीय यार. तिकीट मी काढतो. त्यांना सांग, तू जिंकलीस."

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. "बाबा, तिकीट काढलं. माझ्या पैशांचं."

"घंटेला उठलीस ना?"

"उठले, बाबा."

ते खोटं माझ्या घंटेच्या नावावर होतं, मित्रांनो. माझं काळीज तुटलं.

बाबा आले, तीन महिने राहिले. अंगणातली संत्री रोज मोजायचे. संक्रांतीला मंडळात त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, "तिकीट लेकीनं काढलं बरं का, स्वतःच्या बुद्धीवर." कादंबरी तिळगूळ वाटत मान खाली घालून पुढे जायची, असं परीक्षित सांगत होता.

बाबा परत निघायच्या दिवशी कादंबरी आत त्यांची बॅग भरत होती. बाबा स्वयंपाकघरात आले आणि परीक्षितच्या हातात त्यांनी एक पाकीट ठेवलं.

"परीक्षितराव, तिकिटाचे डॉलर आहेत. नागपूरहून निघायच्या आधीच बँकेतून घेतले होते. एजंटकडे भाव विचारून आणलेत, कमी पडले तर सांगा."

"बाबा, तुम्हाला... कसं कळलं?"

"वीस वर्षं तिच्यासमोर पत्ते खेळलोय. जिंकली की धांदरटासारखी बोलते, हरली की अगदी सावकाश. फोनवर फार सावकाश बोलली ती." त्यांनी मला उचललं, उगाच जरा फिरवलं आणि खाली ठेवलं. "हट्ट माझा, आणि पोरीला खोटं बोलायला लागलं. मला कळलंय हे तिला सांगू नका. तेवढा शब्द द्या."

परीक्षितने शब्द दिला आणि आजवर पाळला.

यंदा, २००८ च्या ऑक्टोबरात, कादंबरीला नोकरीची परवानगी मिळाली. पहिला पगार झाला त्या सकाळी तिने फोन लावला.

"बाबा, माझा पगार झाला. आता तुम्ही या. मी तिकीट काढते."

"अगं, एकदा आलो की तुझ्या तिकिटावर," बाबा हसले. "आता गुडघे एवढा वेळ विमानात बसू देत नाहीत. त्या पैशांचं तू स्वतःला काहीतरी घे. माझी हौस फिटली."

तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. परीक्षित चहाच्या कपात बघत होता. तोही सांगू शकला असता.

"बरं, बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे, साठ मिनिटांची सत्तर होतात, म्हणून मला फ्रीजवर ठेवून दिलं आहे. तक्रार नाही. एकच मागणं आहे. मित्रांनो, घंटा झाली की उठा, टायमर पुन्हा फिरवू नका. आणि फिरवलाच असेल, तर ज्याला सांगायचं त्याला सांगून टाका, तो फोन उचलतोय तोवर. आमच्या घरी दर रविवारी फोन होतो. हवापाण्याचं बोलतात, संत्र्यांचं बोलतात. मी वरून ऐकत असतो.