एकेचाळीस नंबरचं पान

"काकू, माझं पान काढून टाका," चारुशीला म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

१९९९ सालचा डिसेंबर. सांगलीत मी तेव्हा वधूवर मंडळ चालवत होते. चारुशीला साताऱ्याच्या एका शाळेत ग्रंथपाल. पोह्यांची बशी घेऊन बाहेर येण्याला ती इतकी कंटाळली होती, की मंडळाच्या फोटोंच्या वहीत नाव नको, फक्त इंटरनेटवर ठेवा, असं तिनंच सांगितलं होतं. सात महिन्यांत एकही पत्र आलं नव्हतं. लोकांसमोर न जाताही नकारच येतो, एवढं आता कळलं, असं ती अगदी शांतपणे म्हणाली.

आमचा संगणक नाथाजी बघत. मलकापूरचे, फौजेतून निवृत्त झालेले बिनतारी हवालदार. चाळिशी उलटल्यावर संगणक शिकले. सगळ्या मुलींच्या पानांना त्यांनी एकच साचा केला होता. नाव-फोटो ज्याचं त्याचं, खाली 'पसंती कळवा' हे बटण मात्र सगळीकडे तेच. ते दाबलं की पानाच्या नंबरासकट पत्र आमच्याकडे यायचं.

कुठलंही यंत्र बंद करण्याआधी एकदा चालवून बघायचं, ही त्यांची फौजेतली सवय. चारुशीलाचं एकेचाळीस नंबरचं पान पुसण्याआधी त्यांनी स्वतःच बटण दाबलं. पत्र आलं. त्यावर नंबर होता सात.

सात नंबर म्हणजे श्रद्धा. तिचं लग्न जूनमध्येच झालं होतं, पान तेवढं काढायचं राहिलं होतं. तिच्या नावानं पत्रं येतच राहिली, आणि 'मुलीचा विवाह झाला आहे, क्षमस्व' असं मी प्रत्येकाला नेमानं कळवत राहिले. 'मुलीला वाचनाची आवड आहे हे पाहून आनंद झाला', असं एकानं लिहिलं, तेव्हा मी हसलेही होते. श्रद्धानं कधी पुस्तक उघडलं होतं? बाकीच्या मुलींची स्थळं फोटोंच्या वहीतून जुळत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

"काकी, चूक माझी हाय," नाथाजी म्हणाले. "साचा करताना पैल्यांदा सात नंबर हातानं घातला, त्यो तसाच ऱ्हायला. आत्ता कंचं पान उघडलंय, ते साच्यानं दरवेळी पानालाच इचाराय पायजे व्हतं."

त्यांनी एक ओळ बदलली, पुन्हा बटण दाबलं. एकेचाळीस.

मी फाइल उघडली. तीन पत्रं उघडउघड चारुशीलाची होती. एकात साताऱ्याचा उल्लेखही होता. तिनं ती उभ्यानंच वाचली. मग खुर्चीत बसून परत वाचली.

"ताई, शिव्या घाला हवं तर," नाथाजी म्हणाले.

"सात महिने मी आरशाला घालत होते, नाथाजी," ती म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली असेल, कोण जाणे.

तिघांनाही मी त्याच दुपारी पत्रं टाकली. दोघांची लग्नं झाल्याचं नंतर कळलं. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही. पण ते सगळं पुढचं.

पान ठेवायचं ना, असं मी विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली, स्वतःचा फॉर्म मागून घेतला आणि पिशवीतलं पेन काढलं. वयाच्या रकान्यातला तेहेतीस तिनं एका रेघेनं खोडला आणि शेजारी, ग्रंथालयाच्या कार्डावर लिहितात तशा सुवाच्य अक्षरात, चौतीस लिहिलं.