नुसतं स्पिरिट

धाकटीला प्रयोगशाळेत बसवेना. उठायची, खिडकीशी जायची, परत येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. काचेखाली आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मरून पडल्या होत्या. मागच्या महिन्यात अशाच मेलेल्या पेशी पाहून ती नाचली होती. आज तिला त्या बघवेनात, कारण आजच्या पेशींना तिने औषध घातलंच नव्हतं.

झालं होतं असं. ती ज्या रानटी झुडपावर काम करत होती, त्याच्या मुळातून काढलेलं द्रव्य मोठं हट्टी. पाण्यात विरघळायचं नाव नाही, म्हणून ते स्पिरिटमध्ये विरघळवून पेशींना द्यायचं. आणि तुलनेसाठी शेजारच्या पेशींना तेवढंच स्पिरिट, पण औषधाशिवाय. या कामातला हा पहिला धडा. द्रव्य नीट विरघळेना तसं धाकटीने स्पिरिट वाढवत नेलं. शेजारच्या पेशींचं वाढवायचं मात्र राहून गेलं. औषधवाल्या मेल्या, शेजारच्या मजेत जगल्या. त्याच आठवड्यात दादाच्या आतड्यातली गाठ कॅन्सरची निघाली होती, आणि घाबरलेल्या माणसाला हवं तेच दिसतं. आज तिने तेवढंच नुसतं स्पिरिट घालून पाहिलं, तर पेशी तेवढ्याच मेल्या. मग औषधाने काही केलं की नाही, देव जाणे.

गोष्ट प्रयोगशाळेतच राहिली असती तर प्रयोग पुन्हा केला असता, संपलं. पण ही बया त्या दिवशी जेवताजेवता सख्ख्या भावाला सांगून बसली होती, "तुझ्या गाठीत असतात ना, तसल्याच पेशी, दादा! पटापट मेल्या!"

दादाचं सलून. तिथे गेलेली बातमी म्हणजे दवंडीच. दुसऱ्याच दिवशी त्याने त्या झुडपाची मुळं मिळवून काढा सुरू केला आणि ऑपरेशन 'बघू पुढे' म्हणून ढकललं. जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला माणूस, पण स्वतःच्या पोटावर सुरी म्हटली की लहान मूल! "आधी ऑपरेशन कर," असं धाकटी म्हणाली होती, नाही असं नाही, पण पुटपुटल्यासारखं. आपलं औषध खरं ठरावं अशी तिलाही हाव होती. आता तिला स्वतःची लाज वाटली.

ती तडक निघाली. सिग्नलला पाय थांबेनात. कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करावी तर प्रत्येक वाक्य अर्ध्यात तुटत होतं.

दादा एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता. त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळला होता.

"या शास्त्रीणबाई! यांनीच बरं का, कॅन्सरला पाणी पाजलं."

गिऱ्हाइकाने फेसातूनच नमस्कार केला. धाकटीने पुसलेले कंगवे पुन्हा पुसले, सरळ मांडलेल्या कात्र्या पुन्हा सरळ केल्या. गिऱ्हाईक गेल्यावर तिने दार लावून घेतलं.

"दादा, त्या औषधाने नाही मेल्या. स्पिरिटनेच मेल्या. चूक माझी."

दादाने फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. "ह्या स्पिरिटने?"

"जवळपास ह्याच."

"हे तर काहीही मारतं."

"हो."

तो वस्तरा पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"कडू जहर होता गं तो काढा," तो म्हणाला.

"ओरड ना माझ्यावर!"

"ओरडून काय होणार? गेलेले दिवस परत येणारेत?" त्याने वस्तरा मिटला. "तू मेल्या म्हणालीस ना, त्या रात्री मला झोप लागली. गाठ निघाल्यापासून पहिल्यांदा."

धाकटीला रडू फुटलं. याच्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. कधी बसायचा नाही तिथे. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

"हॉस्पिटलला फोन लाव. माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिने नंबर लावला. घंटी वाजत राहिली. दादा आरशातून तिच्याकडे बघत होता.

"आणि हे बघ, ते जे म्हणतील तेच मला सांग. गोड करून सांगू नकोस."

पलीकडून कुणीतरी "बोला" म्हणालं. धाकटीने फोन स्पीकरवर टाकला आणि दादाच्या गुडघ्यावर ठेवला.