शिडाचं ठिगळ

"आणि उजवीकडचा भाग?" खालून कुणीतरी विचारलं.

"तो सोडा. तिकडे बघण्यासारखं काही नाही," माहिती सांगणारी बाई म्हणाली, आणि तिच्यामागची सगळी माणसं डावीकडे वळली.

उजवीकडच्या गॅलरीत दादा अर्धी दाढी करून उभे होते. तिकडे काही नाही म्हणे! बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळता सांभाळता त्यांची हयात गेली होती, आणि सगळी कमाई या घरात. घर मूळचं एकच; मधोमध भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलेलं. दादांनी आपल्या बाजूचे लाकडी खांब काढून सिमेंटचे घातले, सरकत्या काचा बसवल्या, चकचकीत फरशी केली. धाकट्याने कॅरम खेळण्यापलीकडे काही केलं नाही, त्यामुळे त्याच्या बाजूचं सगळं जिथल्या तिथे राहिलं. कोरीव कठडा, मोडलेल्या जहाजाच्या डोलकाठीची तुळई, वरची टेहळणीची खिडकी. हल्ली सुट्टीच्या दिवशी लोक जुन्या बंदरावरची घरं बघायला यायचे आणि धाकट्याच्या आळसाला 'जतन' म्हणायचे. दादांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अहो, तोंड तरी धुवा," बायको म्हणाली.

"थांब. आता तो सुरू होईल बघ."

धाकटा सुरू झालाच. "त्या काळी घराघरातल्या बायका आपल्या जहाजाच्या शिडावर आपापल्या रंगाचं ठिगळ शिवायच्या. लांबून ठिगळ दिसलं की खिडकीतलं पोर ओरडायचं, आणि घरात एकच धावपळ! ती बघा, वरची खिडकी. मी तिथे तासन्‌तास बसायचो. वडिलांचं ठिगळ दिसलं रे दिसलं, की तिथूनच आईला हाक मारायचो."

दादांचा हात थांबला. वडील शेवटचे समुद्रावर गेले आणि परतलेच नाहीत, तेव्हा धाकटा आईच्या पोटात होता. त्या खिडकीत बसायचे ते दादा. हाक मारायचे ते दादा. लोकांचं कौतुक घेतलंस, ते घे मेल्या. आता बापही घेणार?

"जन्माला न आलेला माणूस जहाजं बघत बसला होता! याचं पितळ आज उघडंच पाडतो."

"चारचौघांत नको हो," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगितलेलं सांगतोय तो. लहानपणी रोज झोपताना हीच गोष्ट मागायचा ना तुमच्याकडे?"

"गोष्ट सांगितली होती. दिली नव्हती!"

दादा तरातरा जिना उतरून रस्त्यावर आले. अर्ध्या दाढीचा म्हातारा बघून लोक आपसूक बाजूला झाले. तेवढ्यात चष्मा लावलेल्या एका मुलीने धाकट्याला विचारलं, "काका, तुमच्या घरचं ठिगळ कुठल्या रंगाचं होतं?"

धाकट्याची गाडी तिथेच अडली. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे. रंग त्याला ठाऊकच नव्हता. गोष्ट दादांनी हजारदा सांगितली असेल, पण रंग कधी सांगितला नव्हता. तेवढा मुद्दाम स्वतःपाशी ठेवला होता. वडील कसे दिसायचे, कसे हसायचे, हे त्याला सांगताना दादांचा हात नेहमी थोडा आखडताच असायचा.

"रंग ना..." धाकटा म्हणाला आणि त्याला दादा दिसले. हे कशाला आलेत ते त्याला कळलं. त्याचा चेहरा पार उतरला. साठी उलटलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

दादांच्या जिभेवर सगळं तयार होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"तांबडं," दादा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. "गडद तांबडं. आईच्या हातची शिवण. याला कुठून आठवणार? एवढासा तर होता. मी खिडकीत बसायचो आणि हा माझ्या मांडीवर."

धाकट्याने मान वर केली. मग त्याला हळूहळू धीर आला.

"पण दादाच्या आधी मलाच दिसायचं," तो त्या मुलीला म्हणाला.

हे मात्र फारच झालं. दादांच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. मुलगी हसून त्यांच्याकडे बघत होती.

"हो," दादा म्हणाले. "नजर चांगली होती त्याची."